दासांचे दावे

सन १८४७ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील सेंट लुई शहराच्या कोर्टांत एका दाव्याची सुनावणी झाली. फिर्यादी ड्रेड स्कॉट हा कृष्णवर्णी दास. प्रतिवादी आयरीन एमर्सन ही एका लष्करी डॉक्टराची विधवा. आपण कायद्यानें स्वतंत्र आहों, असें स्कॉटचें म्हणणें होतें. परंतु तें कोर्टाला पटवावयाचें, तर आपणांस दास करून ठेवणारी व्यक्ति कोण, हें अगोदर त्यालाच पुराव्यानें दाखवावें लागे. त्यासाठीं त्याच्या बाजूनें एक साक्षीदार उभा राहिला. एमर्सनबाईकडून आपण या नवराबायकोला भाड्यानें कामावर घेतलें होतें, असें त्यानें सांगितलें. उलटतपासणींत निघालें कीं, भाड्याचा व्यवहार त्यानें स्वतः केलाच नव्हता. तो त्याच्या बायकोनें ठरविला होता, आणि याची सारी माहिती ऐकीव होती. ऐकीव पुरावा कोर्ट मानीत नाहीं. एमर्सनबाई ही स्कॉटची मालकीण आहे हें शाबीत झालें नाहीं म्हणून स्कॉट दावा हरला. आणि दावा हरला म्हणून त्याच एमर्सनबाईच्या मालकींत राहिला.

हा निकाल कोणा दुष्ट न्यायाधीशाचा नव्हता. पुराव्याच्या कायद्याप्रमाणें तो बरोबरच होता, आणि हीच त्यांतली भयंकर गोष्ट आहे. न्यायाधीशानें पुढें फेरसुनावणीलाही परवानगी दिली. मिसूरी संस्थानांत त्या काळीं दास असलेल्या मनुष्याला आपल्या स्वातंत्र्याकरितां दावा लावण्याची मोकळीक खुद्द कायद्यानेंच ठेवलेली होती, आणि अशा तीनशेंच्या घरांतील दाव्यांचीं कागदपत्रें एकट्या सेंट लुई शहराच्या दप्तरांत सांपडलीं आहेत. दासाला एखाद्या मालकानें दास्यबंदी असलेल्या मुलखांत नेऊन वसविलें, तर तो स्वतंत्र झाला आणि परत आणल्यानेंही तो पुन्हां दास होत नाहीं, असा निवाडा मिसूरीच्या वरिष्ठ कोर्टानें १८२४ सालींच दिलेला होता. स्कॉटला तर त्याच्या डॉक्टर मालकानें इलिनॉय संस्थानांतील लष्करी ठाण्यावर आणि नंतर मिसिसिपी नदीच्या वरच्या अंगाला फोर्ट स्नेलिंग येथें, अशा दोन्ही दास्यबंदीच्या प्रदेशांत कित्येक वर्षें ठेवलें होतें. तेथेंच हॅरिएटशीं त्याचें लग्न झालें. त्याची थोरली मुलगी तर मिसिसिपींत चालत्या आगबोटीवर, मिसूरीच्या हद्दीच्या उत्तरेस जन्मली.

दावा चालू असतांना या कुटुंबाला शेरीफच्या ताब्यांत देण्यांत आलें. शेरीफनें त्यांना भाड्यानें कामावर लावावें आणि मजुरीचे पैसे राखून ठेवावे. दावा जो जिंकेल त्याला ते मिळावयाचे. वादांतलें जनावर तिऱ्हाइताच्या गोठ्यांत बांधावें, आणि निकाल लागेपर्यंत त्याच्या दुधाचा हिशेब ठेवावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें ज्याच्याविषयीं वाद तें जनावर स्वतःच फिर्यादी होतें. १८५० सालीं ज्यूरीनें स्कॉटच्या बाजूनें कौल दिला. १८५२ सालीं मिसूरीच्या वरिष्ठ कोर्टानें तो फिरविला. आपलेच जुने निवाडे मोडतांना कोर्टानें दिलेलें कारण थोडक्यांत एवढेंच कीं, काळ आतां पूर्वीसारखा राहिलेला नाहीं.

दासांनीं लावलेले असे दावे इतिहासांत प्रसिद्ध झाले. पण दक्षिणेकडील संस्थानांच्या कोर्टांतलें रोजचें काम वेगळेंच असे. तें असे मालका-मालकांतलें. बाप मेला, चार भावांत दासांची वांटणी कशी व्हावी? गहाण टाकलेल्या दासीला मूल झालें, तर तें मूल गहाणांत मोडतें कीं नाहीं? भाड्यानें दिलेला दास भाडेकऱ्याच्या हलगर्जीपणानें मेला, तर नुकसानी कोणाची? लुइझियाना संस्थानच्या १८२५ च्या दिवाणी संहितेंत, विकत घेतलेला दास सदोष निघाल्यास सौदा मोडण्याचीं कारणें कलमवार दिलेलीं आहेत. महारोग, वेड आणि अपस्मार हे शरीराचे दोष. चोरीची खोड आणि पळून जाण्याची संवय हे स्वभावाचे दोष. माणसाला स्वातंत्र्याची ओढ असणें हा ज्या कायद्यांत मालाचा छुपा दोष ठरतो, त्या कायद्यावर आणखी टीका करावयाची गरज नाहीं.

उत्तर कॅरोलायना संस्थानांत १८२९ सालीं एक खटला झाला. लिडिया नांवाच्या दासीला जॉन मान यानें वर्षाच्या करारानें भाड्यानें घेतलें होतें. तो मारूं लागला म्हणून ती पळूं लागली, तेव्हां त्यानें तिच्यावर पाठीमागून गोळी झाडली. ज्यूरीनें त्याला दोषी ठरविलें. कारण तो कांहीं तिचा मालक नव्हता. वरिष्ठ कोर्टाचे न्यायाधीश टॉमस रफिन यांनीं ती शिक्षा रद्द केली. भाडेकऱ्यालाही त्या मुदतीपुरते मालकाचे सर्व अधिकार असतात, आणि मालकाची सत्ता दासाच्या शरीरावर निरंकुश असल्यावांचून दास्याची संस्थाच टिकणार नाहीं, असा त्यांचा अभिप्राय. हें लिहितांना आपल्या मनाला यातना होतात, अशी कबुलीही त्यांनीं त्याच निकालपत्रांत दिली आहे. यातना झाल्या, आणि निकालही दिला.

या सर्व कायद्याचा पाया व्हर्जिनिया वसाहतीनें १६६२ सालीं केलेला एक लहानसा नियम आहे. मूल आईच्या स्थितीला जातें, हा तो नियम. इंग्रजी कायद्यांत मूल बापाचें नांव लावतें, बापाची स्थिति घेतें. पण दासीच्या पोटीं गोऱ्या मालकापासून झालेल्या मुलाला तो नियम लावला असता, तर तें मूल स्वतंत्र झालें असतें. म्हणून तेवढ्यापुरता इंग्रजी कायदा उलटा फिरविला, आणि मालकाला स्वतःच्याच मुलांचा मालक होतां येऊं लागलें.

हें ऐकून, हीं सारीं परक्या देशांचीं पापें, असें कोणास वाटेल. परंतु व्हर्जिनियाचा नियम मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत फार पूर्वींच येऊन गेलेला आहे. बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र, या चर्चेंत स्मृतिकार दृष्टांत देतो: गाय, घोडी, सांडणी, दासी, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या ठिकाणीं संतति उत्पन्न करणाऱ्याचा त्या संततीवर हक्क नसतो. दासीचें नांव घोडी-सांडणीच्या आणि म्हैस-शेळीच्या मधोमध, कसलाही संकोच न करतां, येऊन बसलेलें आहे. तिच्या मुलाचा वाद हा वासराचा वाद होय.

माणसाच्या मालकीचा सर्वांत जुना आणि सर्वांत गाजलेला दावा तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. फक्त त्याला दावा म्हणून कोणी ओळखीत नाहीं. द्यूतसभेंत द्रौपदीला आणावयास प्रातिकामी गेला, तेव्हां ती रडत बसली नाहीं. तिनें त्याला उलट सभेंत पाठविलें आणि एक प्रश्न विचारावयास सांगितला: युधिष्ठिर प्रथम कोणाला हरले, स्वतःला कीं मला? हा भावनेचा प्रश्न नव्हे, मालकीचा आहे. दासाला धन नसतें, असें स्मृति सांगते. मग जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोठून? भीष्मांसारखा धर्मज्ञ या पेंचांत सांपडला. निर्धन झालेल्याला दुसऱ्याचें धन पणाला लावतां येत नाहीं हें खरें, पण स्त्री पतीच्या स्वाधीन असते हेंही खरें. धर्माची गति सूक्ष्म आहे, एवढें बोलून ते थांबले. द्रौपदी जिंकली गेलेली नाहीं, असें स्पष्ट सांगणारा निघाला, आणि तो दुर्योधनाचा भाऊ विकर्ण. त्या दाव्याचा निकाल शेवटपर्यंत लागलाच नाहीं. अपशकुन होऊं लागले, धृतराष्ट्र घाबरला, आणि त्यानें वर देऊन प्रकरण मिटविलें. निकालाऐवजीं मेहेरबानी मिळाली.

नारदस्मृतीनें दासांचे पंधरा प्रकार मोजले आहेत. घरांत जन्मलेला, विकत घेतलेला, देणगींत आलेला, वारशानें आलेला, दुष्काळांत अन्न घालून वांचविलेला, गहाण पडलेला, कर्ज फेडतां न आल्यानें बांधला गेलेला, युद्धांत सांपडलेला, पणांत जिंकलेला, संन्यास घेऊन मोडलेला, स्वतःला विकणारा इत्यादि. यांतल्या पहिल्या चौघांना मालकाच्या कृपेशिवाय सुटका नाहीं; ऋणदासाला मात्र व्याजासह कर्ज फेडून सुटतां येतें. मालकाचा जीव वांचविणारा कोणीही दास मुक्त होतो. मुक्तीचा विधिही तेथें सांगितला आहे. मालकानें दासाच्या खांद्यावरील पाण्याची घागर उतरवून फोडावी, अक्षता आणि फुलें घातलेलें पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडावें, तूं दास नाहींस असें तीन वेळां म्हणावें, आणि पूर्वेकडे तोंड करून त्याला जाऊं द्यावें. विधि सुंदर आहे. परंतु ती घागर फोडावयाची कीं नाहीं, हें घागर वाहणाऱ्याच्या हातीं कधींच नव्हतें. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत हीं सर्व वचनें घेतलीं, आणि महाराष्ट्रांत मिताक्षरा हाच प्रमाणग्रंथ असल्यामुळें तीं केवळ पोथींत राहिलीं नाहींत.

पेशवाईच्या दप्तरांत ‘कुणबीण’ हा शब्द पदोपदीं भेटतो. कुणब्याची स्त्री हा त्याचा सरळ अर्थ; दप्तरांत मात्र त्याचा अर्थ दासी असा होतो, आणि ती स्त्री कोणत्या जातीची याच्याशीं त्याचा संबंध राहत नाहीं. ‘बटीक’ हा दुसरा शब्द त्याच अर्थाचा. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या, त्यांवरील सरकारी हांशिलाच्या आणि त्यांना कामावर नेमल्याच्या नोंदी आहेत. कांहीं स्त्रिया लमाणांच्या तांड्यांबरोबर विक्रीस येत. कांहीं दुष्काळांत पोटासाठीं विकल्या जात. आणि कांहीं खुद्द सरकारच निर्माण करी. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला सरकारांत जमा करून कोठी, पागा किंवा किल्ल्यावर कामास पाठविण्याची रीति होती. म्हणजे दंड म्हणून माणूसच सरकारजमा होई. कुणबीण पळून गेली, तर तिचा शोध लावून ती मालकाच्या हवालीं करण्याचे हुकूम सुटत. दस्तऐवजांत तिचें नांव बहुधा असतें, तिची किंमत असते, मालकाचें नांव तर असतेंच. ती कोठें जावयास निघाली होती, हें मात्र कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांनीं १८२२ सालीं आपल्या अहवालांत लिहिलें कीं, या मुलखांत दास्य सर्रास आहे, पण तें सौम्य आहे. दासांना घरांतल्या माणसांप्रमाणें वागविलें जातें. हा अभिप्राय पुढें वरचेवर उद्धृत झाला, आणि त्याचा आधार घेऊन इकडचे दास सुखी होते असें आजही कोणी कोणी सांगतात. व्हर्जिनियाचे मळेवालेही आपल्या दासांविषयीं हेंच सांगत. सौम्यता खरी असेलही. परंतु तिची साक्ष नेहमीं मालकाच्या ओसरीवर बसून घेतलेली असते.

सन १८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें वसाहतींतील दास्य रद्द केलें, आणि मालकांना दोन कोटि पौंडांची नुकसानभरपाई दिली. दासांना कांहीं नाहीं. या कायद्यांतून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता. त्याच सालच्या सनदेनें गव्हर्नर जनरलवर दास्य कमी करीत नाहींसें करण्याची जबाबदारी घातली खरी. पण काम रेंगाळलें. विल्यम ॲडम हे राममोहन रॉय यांचे स्नेही पुढें अमेरिकेंत गेले, आणि ब्रिटिश हिंदुस्थानांतील दास्याच्या कायद्यावर त्यांनीं बक्स्टन या दास्यविरोधी पुढाऱ्यास उद्देशून लिहिलेल्या पत्रांचें पुस्तक १८४० सालीं बोस्टन शहरीं छापलें गेलें. अमेरिकेंतील दास्याविरुद्धची चळवळ ऐन भरांत असतांना तिच्या गांवीं हिंदुस्थानांतील दास्याचा जमाखर्च प्रसिद्ध झाला, ही गोष्ट इकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीं. पुढच्याच वर्षीं कायदे आयोगाचा अहवाल आला. सभासदांत एकमत नव्हतें. तरी अखेर ७ एप्रिल १८४३ रोजीं त्या सालचा पांचवा कायदा मंजूर झाला.

हा कायदा अवघ्या चार कलमांचा आहे, आणि त्यांत कोठेंही ‘दास मुक्त झाले’ असें वाक्य नाहीं. सरकारी अधिकाऱ्यानें हुकूमनाम्याच्या किंवा साऱ्याच्या वसुलीसाठीं कोणालाही दास म्हणून विकूं नये, हें पहिलें कलम. दुसऱ्याला दास म्हणून आपल्या मालकीचा समजून जो कोणी हक्क सांगेल, तो हक्क कोणतेंही दिवाणी किंवा फौजदारी कोर्ट बजावून देणार नाहीं, हें दुसरें. एखाद्यानें कष्टानें किंवा वारशानें मिळविलेली मालमत्ता, तो दास होता किंवा दासाचा वारस आहे एवढ्या कारणानें त्याच्याकडून काढून घेतां येणार नाहीं, हें तिसरें. स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो दासाविरुद्धही गुन्हाच, हें चौथें. लिडियावर गोळी झाडणारा मान या चौथ्या कलमाखालीं सुटला नसता.

कोणाला मुक्त केलें नाहीं म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवला नाहीं. सरकारची ही चतुराई होती आणि भित्रेपणाही होता. मालकवर्ग दुखवावयाचा नाहीं, खजिनाही उघडावयाचा नाहीं. दासाच्या घरीं जाऊन त्याला हें सांगण्याचें काम कोणाकडेच दिलें नव्हतें. पण कोर्टाचें दार मालकाला बंद झालें, आणि त्यानंतर दास चालूं लागला तर त्याला परत आणून देणारें कोणी उरलें नाहीं. ज्याला चालूं लागतां येईल त्याच्यापुरता हा मोठाच बदल होता.

हा कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता. आतां वैनगंगेच्या कांठचा प्रदेश पाहावा. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झाला. १८४३ सालीं हा सारा धानाचा आणि तलावांचा टापू नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. वैनगंगा उगम पावते ती शिवनीच्या पठारावर, आणि शिवनी-मंडल्याचा मुलूख तर १८१८ सालींच भोसल्यांकडून कंपनीकडे गेलेला. म्हणजे एकाच नदीच्या वरच्या अंगाला दासावरचा हक्क कोर्टांत टिकत नव्हता, आणि खालच्या अंगाला त्या कायद्याचा अंमल नव्हता. तिसरे रघूजी भोसले १८५३ सालीं वारले आणि १८५४ सालीं राज्य खालसा झालें. तोंपर्यंत अकरा वर्षें ही स्थिति राहिली. अमेरिकेंत ओहायो नदीचा एक कांठ दास्याचा आणि दुसरा मुक्ततेचा होता, तशीच ही एक सरहद्द. फरक मात्र मोठा. ओहायो ओलांडलेल्या माणसाला परत धरून नेण्याचा अधिकार १८५० च्या पळपुट्या दासांच्या कायद्यानें मालकाला दिलेला होता, आणि मुक्त संस्थानांतील नागरिकांनाही त्यांत मदत करावी लागे. आमगांव-तिरोड्याकडून वर शिवनीच्या रानांत गेलेल्या माणसावर, कायद्याच्या अक्षराप्रमाणें, कोणाही मालकाला तेथील कोर्टांत हक्क सांगतां आला नसता.

याच सुमारास तिकडे ड्रेड स्कॉटचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च कोर्टांत पोंचला. ६ मार्च १८५७ रोजीं सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनीं निकाल वाचला. सात न्यायाधीश एका बाजूला, दोन दुसऱ्या. आफ्रिकन वंशाचा मनुष्य, मग तो दास असो वा स्वतंत्र, संयुक्त संस्थानांचा नागरिक होऊं शकत नाहीं, म्हणून त्याला संघराज्याच्या कोर्टांत दावाच लावतां येत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. अकरा वर्षें चाललेल्या दाव्याचा निकाल असा कीं, दावा नव्हताच. हिंदुस्थानांत १८४३ सालीं दार मालकाला बंद झालें. अमेरिकेंत चौदा वर्षांनीं तें दासाला बंद झालें. एमर्सनबाईनें तोंवर दुसरें लग्न केलें होतें, आणि तिचा हा नवरा दास्यविरोधी पक्षाचा लोकप्रतिनिधि होता. बोभाटा झाल्यावर स्कॉट कुटुंब मिसूरींतील टेलर ब्लो याच्या नांवें करून देण्यांत आलें, आणि त्यानें मे १८५७ मध्यें त्यांना मुक्त केलें. हा ब्लो म्हणजे स्कॉटच्या पहिल्या मालकाचा मुलगा. शेरीफकडे सांचलेली मजुरी मात्र बाईनें मागून घेतली. येथेंही निकाल नव्हे, मेहेरबानीच. स्कॉट पुढच्याच वर्षीं वारला. दास्य संपलें तें यादवी युद्धानंतर, १८६५ च्या घटनादुरुस्तीनें. आणि १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील दास्यमुक्तीसाठीं झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलें. त्यांना ही गोष्ट परकी वाटली नाहीं.

इकडे दंडसंहिता १८६२ पासून अमलांत आली आणि दास म्हणून माणूस विकणें-घेणें हा गुन्हा झाला. तरी दासीची छाया कोर्टांतून गेली नाहीं. मिताक्षरेप्रमाणें शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मिळकतींत वांटा आहे. दासीच जर कायद्यांत उरली नाहीं, तर दासीपुत्र कोण? कलकत्त्याच्या हायकोर्टानें सन १८७५ च्या सुमारास शब्दाला धरून अर्थ केला: दासी म्हणजे विकत घेतलेली दासीच, ठेवलेल्या स्त्रीच्या मुलाला हा हक्क नाहीं. मुंबई हायकोर्टानें त्याच सुमारास उलट मत दिलें, आणि कायमच्या ठेवलेल्या स्त्रीचा मुलगाही दासीपुत्राच्या जागीं मानला. मुंबईचा अर्थ मुलाला फायद्याचा होता, पण त्या फायद्यासाठीं आपली आई दासीसमान होती हें त्या मुलाला भर कोर्टांत सिद्ध करावें लागे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यापर्यंत कोर्टांत असे वाद उभे राहत होते.

आणि नारदाच्या पंधरांतला ऋणदास? तो सर्वांत चिवट निघाला. मालकाला एक दार बंद झालें, तर १८५९ सालीं त्याच सालच्या तेराव्या कायद्यानें दुसरें उघडलें. उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराविरुद्ध धन्यानें मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी. मॅजिस्ट्रेटनें पैसे परत करण्याचा किंवा काम पुरें करण्याचा हुकूम द्यावा. न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद. प्रथम कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांतील कारागिरांसाठीं म्हणून हा कायदा झाला, पण तो इतरत्रही लागू करण्याची सोय त्यांतच होती. येथें मालकी माणसावर नव्हती, कराराच्या कागदावर होती. पण माणूस कागदाला बांधलेला होता. हा कायदा रद्द व्हावयास १९२५ साल उजाडावें लागलें.

विदर्भांत सालगड्याचें साल गुढीपाडव्याला ठरतें. सालगडी म्हणजे दास नव्हे. साल संपलें कीं तो दुसऱ्या घरीं जाऊं शकतो, आणि पुष्कळसे जातातही. प्रश्न उचलीचा आहे. मुलीच्या लग्नाला घेतलेली उचल सालांत फिटली नाहीं, तर पुढचें साल आपोआप त्याच दारीं ठरतें. आणि तीं सालें बापाकडून मुलाकडे आलीं, तर नारदाच्या यादींतला वारशानें आलेला दास आणि ऋणदास एकाच माणसांत एकत्र होतात. सन १९७६ चा वेठबिगार पद्धति निर्मूलनाचा कायदा नेमका याच जागीं बोट ठेवतो. त्यांतल्या व्याख्येंत देशभरांतलीं जुनीं नांवें ओळीनें लिहिलीं आहेत: कमिया, हाली, जीता, सेवकिया, वेट्टी आणि आणखी कितीतरी. नांव कोणतेंही असो, उचलीच्या किंवा वंशपरंपरेच्या बंधनानें ज्याला दुसरीकडे काम करण्याची मोकळीक राहिली नाहीं, तो वेठबिगार.

या कायद्यानें वेठबिगार मुक्त झाला, त्याचें तसलें कर्ज संपलें, आणि त्या कर्जाच्या वसुलीचा दावा कोणत्याही दिवाणी कोर्टांत चालणार नाहीं, असें स्पष्ट लिहिलें. १८४३ च्या दुसऱ्या कलमाचा घाट येथें ओळखूं येतो. परंतु यावेळीं सरकारला घरीं बसतां येत नाहीं. शोध घेणें, सोडविणें आणि पुनर्वसन करणें यांची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्यासाठीं दक्षता समित्या नेमावयाच्या आहेत. मुक्त झालेल्याला मुक्तीचें प्रमाणपत्र द्यावयाचें असतें; घागर फोडण्याचें काम मालकाकडून काढून तहसिलाच्या शिक्क्याकडे दिलें आहे.

याच कायद्याच्या पंधराव्या कलमांत आणखी एक लहान तरतूद आहे. मजुरानें आपलें कर्ज वेठबिगारीचें आहे असें म्हटलें, तर तें तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सावकारावर पडतो. मजुरानें साक्षीदार आणावयाचा नाहीं, आपला धनी कोण हें शाबीत करावयाचें नाहीं. त्यानें मॅजिस्ट्रेटसमोर उभें राहून आपलें म्हणणें सांगावें, एवढेंच त्याच्याकडे मागितलें आहे.